दीर म्हणजे हरीण

भात झोडून झालं की आमच्याकडे शेतात वाल टोचतात. जमिनीत उरलेली ओल असते, तेवढ्यावर तो येतो, त्याचे वेगळे लाड करावे लागत नाहीत. त्या वर्षी मी आणि सासूबाई दोघीच टोचत होतो. सकाळचं दव असायचं, बोटं गारठायची, वाकून वाकून कमरेचा पार भुगा व्हायचा. बांधापलीकडे बिल्डरने पत्रे ठोकलेले. पत्र्यांवर जाहिरातीतली बाग, कारंजं आणि टाय घातलेला एक माणूस हसत उभा. सासूबाई त्याच्याकडे बघून रोज बोलायच्या, "या मेल्याला काय झालाय गो येवढा हसाला?"

मी कल्पिता. टिटवाळा स्टेशनवरून रिक्षाने आत आलं की आमचं गाव. माझा नवरा मयूर हायवेला बाईकवरून पडून गेला, त्याला दोन पावसाळे झालेले. मागे मी, माझी पोर ऋतिका, सासूबाई आवडाबाई आणि दीर दिपेश. दिपेशने गावात चार मजल्यांची बिल्डिंग बांधलेली. वरती तो आणि त्याची बायको, खालच्या हॉलमध्ये इंग्लिश मीडियमची बालवाडी. तिथे मला मावशीचं काम त्यानेच लावून दिलं, ऋतिकाला फुकटात घेतलं तेही त्याच्याच शब्दावर. आम्ही राहायचो ते जुनं घरसुद्धा त्याचंच, असं तो चारचौघांत बोलायचा. सासूबाई जेवायला आमच्यात आणि झोपायला त्याच्यात, कारण तिकडे पलंग होता.

शेत बिल्डरला विकायला त्याला माझी सही पाहिजे होती. हे अख्ख्या गावाला माहीत होतं. आणखी काय पाहिजे होतं, ते फक्त मला माहीत होतं.

आमच्याकडे संध्याकाळी लाइट जायची. ती गेली की तो यायचा. दारावर दोनदा ठकठक, मग थांबून परत दोनदा. तोंडातून शब्द नाही. मी दाराला मुसळ आडवं लावायची आणि पाठीने दार दाबून उभी राहायची. कडीचे स्क्रू ढिले झालेले. जुनं लाकूड, धक्का बसला की भुसा पडायचा. सकाळी तो भुसा मीच झाडायची.

ऋतिका विचारायची, "कोण गं आई?"

"दीर आलाय. गप्प बस."

दुसरं काय सांगणार? काका आलाय बोलली असती तर ती धावत दार उघडायला गेली असती. काका दिवसा चॉकलेट आणायचा, खांद्यावर घेऊन गावभर फिरवायचा. त्यामुळे माझ्या पोरीच्या डोक्यात काका वेगळा आणि दीर वेगळा. दीर म्हणजे अंधारात येतो तो. बाकी पोरांना बागुलबुवा असतो, तिला दीर. मी पण ते तसंच राहू दिलं.

आंबिवलीला माहेरी जाऊन आईच्या कानावर घातलं होतं. आई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही. बोलली, "घर सोडशील तर शेत पन गेला समज. कडी नवीन बसव." सुताराला बोलावलं तर तो दिपेशच्या बिल्डिंगचं काम करणारा. आज येतो, उद्या येतो करत राहिला, आला नाही.

डिसेंबर लागला तसं शाळेत नाताळाचं सुरू झालं. आमच्या शुभदा टीचर डोंबिवलीवरून यायच्या. बाई वाईट नव्हती. पोरांना मारायची नाही, मला चहा अर्धा द्यायची. तिने प्लॅस्टिक चढवलेली चित्रांची कार्डं आणली. चांदणी, मेणबत्ती, झाड, घंटा, मोजा, आणि असंच काय काय. मी थर्माकोलवर कापूस चिकटवत बसलेली, तो बर्फ. आमच्या पोरांनी बर्फ पाहिलेला तो मासेवालीच्या टोपलीत. गणू नावाचा एक पोरगा कापूस हुंगून बोलला, "टीचर, याला बोंबलाचा वास नाय येत."

त्याच आठवड्यात ते बेलाचं झालं. ग्रुपवर टीचरचा आवाजातला मेसेज आला, सगळ्या मुलांनी उद्या एक बेल आणायची, छोटी चालेल. मी मोबाईल चुलीपाशी ठेवलेला, सासूबाईंनी ऐकलं. त्यांना वाटलं शाळेत पूजा आहे. सकाळी मी शेतात गेली, तर ही बाई गुडघा धरत महादेवाच्या देवळामागे गेली आणि बेलाच्या झाडाची पानं तोडून आणली. तीन पानांची, न किडलेली, एकेक निवडून. काट्याने अंगठा फाडून घेतला. ऋतिकाला पिशवी देऊन पाठवली.

बाकीची पोरं सोनेरी घंटा घेऊन आलेली. ऋतिकाने पिशवी उलटी केली. टीचरला आधी कळलंच नाही, मग कळलं, आणि ती हसून हसून खुर्चीत बसली. दुसऱ्या टीचरने फोटो काढला. संध्याकाळपर्यंत फोटो गावभर. दिपेश पारावर सगळ्यांना दाखवत होता, "आमची म्हातारी बघा, सँटाला बेल वाहते." सासूबाई अंगठ्याला हळद लावत बसलेल्या. बोलल्या, "मना काय म्हाईत? बेल म्हनला तं बेल." मला इतकं लागलं ते. पानं मी पदरात घेतली आणि देवळात नेऊन वाहिली. वाया कशाला घालवायची?

नंतर हरणाचं कार्ड आलं.

खेळ असा होता. टीचर कार्ड वर धरणार, पोरांनी शब्द ओरडायचा आणि तसं करून दाखवायचं. मेणबत्ती आली की फू करायचं. घंटा आली की मान हलवायची. आवाज कमी पडला की टीचर कानाला हात लावून ओरडायची, "लाऊडली! मला ऐकू नाही आलं!" आणि पोरं घसा फाडायची. मी मागे फरशी पुसत होती.

कार्डावर शिंगवाला प्राणी होता, नाक लाल. टीचर बोलली, "धिस इज अ डिअर. से, डिअर!"

ऋतिकाला ड येत नाही, ड चा द होतो. डब्याला ती दबा बोलते. सगळी पोरं डिअर डिअर ओरडली आणि माझी पोर उठून उभी राहिली. कार्डाच्या अगदी जवळ गेली. शिंगांवरून बोट फिरवलं.

"हा दीर?"

"यस! व्हेरी गुड! डिअर! आता करून दाखव, डिअर कसा करतो?"

टीचरला डोक्यावर दोन हात पाहिजे होते, शिंगं. ऋतिकाने बाकावर बोटाच्या पेरांनी दोनदा वाजवलं. ठकठक. थांबली. परत दोनदा.

पोरं हसली. टीचर पण हसली. "नाही गं, शिंगं कर."

"दीर दार वाजवतो," ऋतिका बोलली. "लाइट गेली की. मग आई मुसळ लावते."

माझ्या हातातलं फडकं बादलीत पडलं. टीचरने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

डबा खायच्या सुट्टीत तिने मला बेसिनपाशी गाठलं. नळ सोडला, आवाज जाऊ नये म्हणून. "कल्पिता, ही काय बोलते?"

"शब्द चुकला तिचा, मॅडम. ड नाही येत."

ती काही वेळ हात धूत राहिली. हाताला काही लागलेलं नव्हतं. मग बोलली, "हे बघ, मी बाईच आहे. मला कळतं. पण नाताळाच्या कार्यक्रमाला दिपेशशेठच पाहुणे आहेत. हॉल त्यांचा. तिथे पोर असं काही बोलली तर माझी पण नोकरी जाईल आणि तुझी तर जाईलच. तिला घरी नीट तयार कर. शिंगं करायला शिकव."

तिला कळलं होतं. कळूनसुद्धा नळ बंद करून ती वर्गात गेली. मी तिला मनातल्या मनात चार शिव्या घातल्या. पण शिव्या घालून झाल्यावर डोकं शांत झालं, तेव्हा तिचंच पटलं. माणूस असाच असतो. पोट मधे आलं की सगळं पटतं.

त्या दिवशी दुपारी पडवीत ऋतिकाला बसवलं. सासूबाई पलीकडे वाल सोलत होत्या.

"डिअर आला की काय करायचं? हे असं. दोन्ही हात डोक्यावर."

"पण आई, दीर तर दार वाजवतो."

"हा वेगळा. हा जंगलातला. दीर म्हणजे हरीण."

"मग आपल्याकडे येतो तो?"

"तो पण हरीणच."

"मग तू मुसळ का लावतेस? हरीण चावतं?"

मी परत करायला लावलं. तिने परत फरशीवर ठकठक केली. तिसऱ्या वेळेला माझा हात उठला आणि तिच्या गालावर बसला. बोटं उमटली. ती रडली नाही, तेच वाईट. दोन्ही हात डोक्यावर घेऊन माझ्याकडे बघत उभी राहिली.

"पोरीला कंला मारतंस गो?" सासूबाई बोलल्या.

"अभ्यास घेते."

"काय शिकवतंस?"

"दीर."

वाल सोलणारी बोटं थांबली. त्यांनी माझ्याकडे नाही पाहिलं, दाराकडे पाहिलं. कडीपाशी लाकडाला नवा पांढरा ओरखडा होता. मग त्यांनी सूप उचललं आणि आत गेल्या. त्या दिवशी त्या जेवल्याच नाहीत, पोट बरं नाही बोलल्या. झोपायला मात्र तिकडेच गेल्या.

दुसऱ्या दिवशी भर उन्हात दिपेश आला. पांढरा शर्ट, गळ्यात साखळी, हातात ऋतिकासाठी चॉकलेट. पडवीत बसला, मी चहा ठेवला. ठेवावाच लागला.

"वहिनी, नाताळ झाला की सहीचं उरकून टाकू. तुझी काळजी मलाच आहे ना? दादा असता तर त्याने पण हेच केलं असतं."

"बघते."

"बघते काय? शाळा बघते, काम बघते, घर बघते. सगळं मीच दिलंय. तू पण जरा बघ." कप घेताना त्याने बोटं माझ्या बोटांवर ठेवली. कप पडला. चहा त्याच्या पँटवर सांडला. तो हसला, ऋतिकाला खांद्यावर घेतलं आणि दुकानाकडे गेला. पोर वरून मला टाटा करत होती. मी फुटलेल्या कपाचे तुकडे वेचले. रडू आलं, पण चुलीवर भात होता, तो करपला असता.

मग रोज तयारी. ऋतिका शिकली. कार्ड बघितलं की हात डोक्यावर. शाळेत केलं, घरात केलं, वालाच्या रोपांसमोर करून दाखवलं. टीचर बोलली, "सो नाइस." एका संध्याकाळी लाइट गेली. दारावर दोनदा ठकठक झाली. मी मुसळ लावलं, पाठ लावली. वळून बघते तर काळोखात माझी पोर अंथरुणावर उभी, दोन्ही हात डोक्यावर, शिंगं केलेली. तोंड घट्ट मिटलेलं. तिला वाटलं हेच करायचं असतं. मी शिकवलेलं ना!

देवा शप्पथ, त्या वेळेला दाराबाहेरच्यापेक्षा मला माझीच जास्त किळस आली.

नाताळाच्या आदल्या दिवशी कार्यक्रम. हॉलमध्ये खुर्च्या मीच मांडल्या, झिरमिळ्या मीच लावल्या. गावातल्या बाया नटून आलेल्या. पहिल्या रांगेत सासूबाई, नऊवारी नेसून, अंगठ्याला अजून चिंधी. त्यांच्या शेजारी दिपेशची बायको. स्टेजवर दिपेश, गळ्यात हार. त्याने पोरांसाठी बक्षीस आणलेलं. डोक्याला लावायचे लाल हेअरबँड असतात ना, तसल्या पट्ट्या, वरती हरणाची शिंगं. प्रत्येक पोराला एकेक वाटली.

खेळ सुरू झाला. चांदणी झाली, मेणबत्ती झाली. घंटा झाली तेव्हा कुणीतरी मागून "बेल, बेल" ओरडलं आणि लोक हसले. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. मी भिंतीला टेकून उभी, हातात झाडू.

हरणाचं कार्ड आलं आणि पाळी ऋतिकाची. तिने कार्ड पाहिलं. हात डोक्यावर गेले. "दीर," बारीक आवाजात बोलली.

टाळ्या पडल्या.

तेवढ्यात फोटोवाला बोलला, "शेठ, तुम्ही पण लावा ना शिंगं. पोरीबरोबर एक फोटो." दिपेश हसला. एक पट्टी उचलली, डोक्यावर चढवली आणि ऋतिकाच्या बाजूला वाकून उभा राहिला. शिंगवाला.

ऋतिकाने मान वर करून पाहिलं. पाहतच राहिली. एक पाऊल मागे गेली, दुसरं गेली.

"दीर," बोलली.

"यस, डिअर!" टीचरला वाटलं चाललंय ते बरं चाललंय. सवयीने तिने कानाला हात लावला. "लाऊडली! ऐकू नाही आलं!"

"दीर!" माझी पोर घसा फाडून ओरडली. बोट त्याच्यावर रोखलेलं. "काकाच दीर आहे! आई, काकाच दीर आहे!"

हॉलमध्ये हशा पिकला. लोक टाळ्या वाजवायला लागले. खरा शब्द, बरोबर उत्तर, म्हणून टाळ्या! दिपेश पण हसत होता, फोटो निघत होते. ऋतिका स्टेजवरच्या टेबलापाशी गेली आणि बोटाच्या पेरांनी वाजवलं. दोनदा. थांबली. परत दोनदा. माईक टेबलावरच होता, तो आवाज अख्ख्या हॉलभर गेला.

"तू आमचं दार का वाजवतोस? लाइट गेल्यावर?"

हशा एकदम नाही थांबला. पुढून थांबत थांबत मागे गेला. दिपेशची बायको मोबाईलवर शूटिंग करत होती, तिचा हात खाली आला. टीचर कार्ड धरून तशीच उभी.

दिपेशने पट्टी काढली. "शब्द चुकला पोरीचा," माईकवर बोलला. "मागे बेलाचं झालं ना, तसंच. यांच्या घरात इंग्रजीची बोंब आहे." दोघंतिघं हसले. मग त्याने थेट माझ्याकडे पाहिलं. "काय वहिनी? चुकला ना शब्द?"

सगळ्यांनी माना वळवल्या. मला एक हो बोलायचं होतं, बस. हो बोलली की काम राहिलं, शाळा राहिली, डोक्यावर छप्पर राहिलं. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या आणि मान बारीक हलवत होत्या, नको, नको. ऋतिका पण बघत होती. तिचे दोन्ही हात हळूहळू डोक्याकडे जायला लागले, मार चुकवायला जातात तसे.

ते हात बघितले आणि माझा झाडू खाली पडला.

"नाही चुकला," मी बोलली. आवाज बारीक निघाला. मग मीच मला बोलली, लाऊडली. "शब्द बरोबर आहे तिचा. ती इंग्रजी नाही बोलली, मराठी बोलली. दीर दार वाजवतो. नवरा गेल्यापासून वाजवतो. कडी बघायला या कुणी पण, भुसा पडतो रोज."

कुणी उठलं नाही. मला वाटलेलं एखादी तरी बाई उठेल. केकची पेटी उघडलेली होती, कुणाचंतरी पोर क्रीमला बोट लावत होतं. टीचरने गाणं लावलं. इतकं मोठं लावलं की खिडक्या वाजल्या. मी स्टेजवर गेली, पोरीला कडेवर घेतलं आणि बाहेर आली.

पुढचं लांबड लावत नाही. संध्याकाळी लाइट गेली, पण ठकठक झाली नाही. सकाळी आमची भांडी आणि गाद्या अंगणात होत्या, दाराला नवीन कुलूप. नवीन कडीसुद्धा. तेवढ्यासाठी सुतार लगेच आला. सासूबाई अंगणात उभ्या होत्या. मला बोलल्या, "गप रवली असतीस तं काय झाला असता गो?" आणि मग त्यांनी मुसळ उचललं आणि माझ्या हातात दिलं. का दिलं, विचारलं नाही. सही मी दिली नाही, अजून नाही दिली. वाल त्यांनी एकटीने काढला असं ऐकलं.

आता आम्ही दिवा स्टेशनजवळच्या चाळीत राहतो. एक खोली आहे, वर पत्रा. मी तीन घरची भांडी करते. ऋतिका पालिकेच्या मराठी शाळेत जाते. पाण्याची बोंब आहे. कधी येईल नेम नाही, आलं की बाजूच्या मंदाकिनीताई चाळभर दारं ठोकत जातात.

परवा भर दुपारी आमचं दार ठोकलं. दोनदा. मी उठली ती मुसळ घेऊनच. दाराला आडवं लावलं, पाठ लावली. बाहेर बादल्यांचा खडखडाट, बायांची भांडणं, सगळं ऐकू येत होतं, तरी पाय हलेनात. असंच होतं. मी उघडेपर्यंत पाणी जातं, मग दोन दिवस लोकांकडे मागायचं.

ऋतिका पाटीवर काहीतरी गिरवत होती. पाटी ठेवून उठली. माझ्या कमरेखालून हात घालून तिने मुसळ ओढलं.

"आई, सोड ना. दिराला शिंगं असतात. तो तिकडेच राहिला."

"आणि आला तर?"

"मग आपण ओरडू ना. मोठ्याने."

तिने कडी काढली. दारात मंदाकिनीताई, हातात पाइप, कपाळाला आठ्या. "अगं ए बये, झोपतेस काय दुपारची? जाईल ना पाणी!"

मी दोन्ही बादल्या उचलल्या आणि बाहेर गेली.